संकासुराला नाव विचारा

लहानपणी शिमग्यात खेळे अंगणात आले, की आम्ही पोरे आजीच्या पाठीमागे दडत असू. काळा पोशाख, उंच टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा! संकासुर पुढे सरकला की आमची बोबडी वळे. आजी मात्र हसून म्हणे, "अरे, खालच्या वाडीतला काका तुझा! ओढ त्याची दाढी." भीती पळे आणि पोस्त हसत हसत दिले जाई.

गेल्या शिमग्यात मंडणगडजवळच्या एका वाडीत मात्र भलताच प्रकार कानी आला. रात्री चार-पाच मुखवटे एका एकट्या म्हातारीच्या दारात उभे राहिले. ना ढोल, ना नाच. "पाचशे काढ, नाहीतर सकाळी गवताची उडवी दिसणार नाही." मुलाने मुंबईहून पाठविलेले पैसे तिने मुकाट्याने दिले. मागाहून म्हणते, "फिर्याद कुणावर करू? तोंडं कुठं दिसली?"

वाचकहो, चोराला नेमके हेच हवे असते. १७२३ साली इंग्लंडात तोंडाला काळे फासून राजाच्या रानात हरणे मारणाऱ्यांना थेट फाशी सांगितली गेली. मुखवटेधारी कू क्लक्स क्लॅनच्या दहशतीवर अमेरिकेने १८७१ मध्ये कायदा केला. आपला कायदा अधिक समंजस. १८६० च्या दंड संहितेत धमकीला दोन वर्षांपर्यंत कैद होती. नाव-ठिकाण लपवून धमकी दिल्यास आणखी दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्येही तेच आहे. भीती घालून पैसे उकळले, की ती खंडणी. मग ती पाचशेची का असेना. शिवाय १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे कलम १२२ आहेच: सूर्यास्तानंतर गुन्ह्याच्या हेतूने तोंड झाकून फिरणे, हाच गुन्हा.

'गुन्ह्याच्या हेतूने' हे शब्द ध्यानात ठेवा. त्यांच्यामुळे आपला संकासुर निर्धास्त नाचू शकतो.

आणि म्हातारीला सांगायचे ते हे, की आजी, नाव ठाऊक नसले तरी अनोळखी इसमांविरुद्ध फिर्याद देता येते. नाव शोधणे पोलिसांचे काम. २०२५ च्या ऑक्टोबरात मंडणगडास न्यायालयाची नवी इमारत झाली, ती तुमच्यासाठीही आहे.

पुढच्या शिमग्यात दारी मुखवटा आला, तर आधी नाव विचारा. खरा संकासुर हसेल आणि दाढी वर करील. जो करणार नाही, त्याला पोस्त नको. पोलीस पाटलांना हाक मारा!