खाऱ्या पाण्यातले लिथियम: ब्लॉक मिळाले, तंत्राचे काय?

अहिल्यानगरच्या व्हीआरडीईत वाहनांच्या चाचण्या होतात. ई-वाहनांच्या बॅटरीतले लिथियम मात्र देशाला आयात करावे लागते. जानेवारी 2024 मध्ये ‘काबिल’ या सरकारी कंपनीने अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात 5 ब्लॉकसाठी करार केला. तिथे लिथियम जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात आहे.

तंत्र काय?
मिठागरासारखे पाणी आटवायला वर्ष-दीड वर्ष जाते. अधिशोषक पदार्थ लिथियम काही तासांत वेगळे करतो. मँगनीज किंवा टायटॅनियम ऑक्साइडच्या सूक्ष्म जागांत लिथियमचे आयन बसतात, आकाराने मोठे सोडियमचे आयन बाहेर राहतात. मग आम्लाने लिथियम सोडवून घेतात. बोअरच्या जड पाण्यासाठी घरी बसवलेला सॉफ्टनरही आयनांच्या अशाच अदलाबदलीवर चालतो.

अडचण कुठे?
आम्लात मँगनीज थोडे थोडे विरघळते, पदार्थाचे आयुष्य घटते. ॲल्युमिनियमवर आधारित पदार्थाला आम्ल लागत नाही. पण लिथियम सोडवायला गोडे पाणी लागते. कातामार्काचे ते पठार कोरडे. तिथे गोड्या पाण्याचे मोल काय, हे दुष्काळ पाहिलेल्या नगरकरांना सांगायला नको.

म्हणून नुसते ब्लॉक मिळवून भागणार नाही. कमी पाण्यात चालणारा, टिकाऊ अधिशोषक देशातच घडवायला हवा. नाहीतर खाण आपली आणि किल्ली दुसऱ्याची, अशी गत होईल.