लंगडणे आणि ताप

लावणीच्या धांदलीत पोर लंगडू लागले की आपण म्हणतो, ‘बांधावरून घसरले असेल.’ मग तेल चोळतो, शेकतो, फार तर हाडवैद्याकडून पट्टी बांधून आणतो. कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांवर हे नेहमीचेच, आणि साध्या मुरगळण्याला ते खपूनही जाते. पण लंगडण्याबरोबर अंगात ताप असेल तर चोळणे तिथेच थांबवा. नुसत्या मुरगळण्याने ताप येत नाही.

हाडात पू होण्याची ही सुरुवात असू शकते. जखमेतून, गळवातून, कधी काहीच न दिसता जंतू रक्तात शिरतात आणि वाढत्या हाडाच्या टोकाशी, पुष्कळदा गुडघ्याच्या वर किंवा खाली, ठाण मांडतात. मूल पाय टेकत नाही, ठरावीक जागी बोट लावू देत नाही. तान्हे बाळ एक हात किंवा पाय हलवीत नाही, लंगोट बदलताना किंचाळते. आई ते आधी ओळखते. तिचे ऐका!

‘फोटो काढला, हाड चांगले आहे,’ म्हणून पुष्कळजण घरी परततात. पहिले आठ-दहा दिवस हा बिघाड एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. हाड मोडले नाही एवढेच त्यावरून कळते. ताप असेल तर रक्ताची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. घरात कुणाला सिकलसेल असेल तर तेही सांगा.

पुढे मूल धडधाकट होईल की अधू राहील, याचा अंदाज डॉक्टर कशावरून बांधतात? आधी विचारतात, दुखणे सुरू होऊन किती दिवस झाले. मग इंजेक्शने सुरू होऊन दोन दिवस झाले तरी ताप 101 च्या वर आहे का, रक्तातील सीआरपी चढलेलेच आहे का, पू एकाहून अधिक जागी आहे का, हे पाहतात. तान्हे बाळ आणि खुब्याचा सांधा, इथे धोका अधिक. खुब्यात पू साठला तर मांडीच्या हाडाच्या गोळ्याचे रक्त तुटते. वाढीची चकती बिघडली तर पाय आखूड किंवा वाकडा वाढतो. हाडाचा तुकडा मेला तर जखम वर्षानुवर्षे वाहत राहते. म्हणून पू काढायला डॉक्टर ऑपरेशन सुचवतील तेव्हा ‘आवणी उरकू द्या’ म्हणू नका.

कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्ह्याचे अलिबागला. परळच्या वाडिया बालरुग्णालयात लोकलने जाता येते. मूल मलूल असेल तर 108 ला फोन करा.

ताप चार दिवसांत उतरेल, औषध मात्र तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त चालते. सांगितलेले दिवस पुरे करा. पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी मुलाला सपाट जमिनीवर उताणे निजवून दोन्ही टाचा जुळवून पाहा. एक टाच वर राहू लागली तर पुन्हा दाखवा.