‘लिहितोही’ म्हणण्याची सवय

गिरीश कुलकर्णी यांचा विषय निघाला की पुण्याच्या साहित्यिक वर्तुळात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘नट उत्तम आहे, आणि लिहितोही.’ आमचे भांडण या वाक्यातल्या ‘ही’शी आहे. त्या एका अक्षरात पटकथेला वाङ्मयाच्या ओसरीवरच बसवून ठेवण्याची आपली जुनी सवय दडलेली आहे.

वस्तुस्थिती पाहू. ‘वळू’ (२००८), सती भावे यांच्यासह लिहिलेला ‘विहीर’, ‘देऊळ’ (२०११) आणि ‘हायवे’ (२०१५) हे उमेश कुलकर्णी दिग्दर्शित चारही चित्रपट गिरीश कुलकर्णींच्या लेखणीतून उतरले. ‘देऊळ’साठी ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि संवादलेखन असे दोन्ही सन्मान त्यांना मिळाले. तरी सर्वसामान्य प्रेक्षक त्यांना ओळखतो तो ‘दंगल’मधला प्रशिक्षक म्हणून, आणि आम्ही साहित्याचे लोक त्या प्रेक्षकाच्या पुढे फारसे गेलेलो नाही.

‘देऊळ’मधला केशा हरवलेली गाय शोधायला जातो, त्याला दत्ताचा दृष्टान्त होतो, आणि बघता बघता गावातल्या नियोजित रुग्णालयाची जागा देवळाचा व्यवहार घेतो. या कथेत एकही सरळसोट खलनायक नाही. भाबडी श्रद्धा, राजकारणातली सोय, दुकानदारी आणि सुशिक्षिताची हतबलता या साऱ्यांना लेखकाने आपापली बोली दिली आहे. कोण कोणाशी कोणत्या सुरात बोलतो आणि कोठे बोलणे गिळतो, यांतून गावातली सत्तेची उतरंड उलगडत जाते. नटाच्या कानाने लिहिलेली ही भाषा आहे. वाक्य तोंडात कसे बसते आणि समोरच्या पात्राला श्वास घ्यायला जागा कोठे लागते, हे तिला ठाऊक आहे. हाच गुण कादंबरीत आढळला असता, तर त्यावर एव्हाना प्रबंध झाले असते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की पटकथा ही स्वयंपूर्ण संहिता नव्हे. चित्रपट दिग्दर्शकाचा असतो आणि कागद हा केवळ आराखडा. मग नाटकाचे काय? ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली याच शहरात रंगभूमीवर आले, तेव्हा जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, संगीत आणि नृत्यरचना यांविना ते उभे राहिले असते काय? तरीही तेंडुलकरांची संहिता आपण वर्गात ओळीओळीने वाचतो. त्याच तेंडुलकरांनी, त्याच पटेलांसाठी लिहिलेल्या ‘सामना’ (१९७५) आणि ‘सिंहासन’ (१९७९) या पटकथांकडे मात्र आपण ‘चित्रपट’ म्हणून बोट दाखवतो आणि पुढे सरकतो. गदिमांनाही हाच न्याय मिळाला. ‘गीतरामायण’ वाङ्मयात जमा झाले आणि ‘दो आँखें बारह हाथ’ची (१९५७) पटकथा शांतारामबापूंच्या खात्यात.

म्हणजे निकष संहितेच्या अपूर्णतेचा नाहीच. निकष प्रतिष्ठेचा आहे, आणि त्याला आपण सौंदर्यशास्त्राचा अंगरखा घालतो.

पटकथालेखन रोजगाराचे कौशल्य म्हणून शिकवले जाते, त्याला आमचा विरोध नाही. मात्र विद्यार्थ्याने ते लिहायला शिकावे आणि वाचायला शिकू नये, ही शिक्षणाची उलटी रीत झाली. गेल्या वीस वर्षांत बदललेल्या मराठी खेड्याचा शोध केवळ कथा-कादंबरीत घेणारा अभ्यासक निम्मा पुरावा बाहेर ठेवून निकाल देत असतो.

आमची मागणी साधी आहे. ग्रामीण साहित्याच्या तासाला एकदा ‘देऊळ’चे संवाद उतरवून घ्यावेत आणि शंकर पाटलांच्या कथेशेजारी ठेवून, तितक्याच कठोरपणे तपासावेत. त्या कसोटीला ते उतरले नाहीत, तर तसे खुशाल लिहावे. न वाचताच ओसरीवर बसवणे, याला मात्र समीक्षा म्हणत नाहीत.