दार, टायगर आणि दुहेरी नोंद

घराला दार कशासाठी असतं, हा प्रश्न मला बी.कॉम.च्या कुठल्याही पेपरात आला नाही. आला असता तर 'चोर बाहेर ठेवण्यासाठी' असं एका ओळीत लिहून मी दोन मार्क पदरात पाडून घेतले असते. पण घरात एक कुत्रा आणि मांजरी आल्यापासून मला खरं उत्तर सापडलं आहे. दार हे एकाने उठून उघडावं आणि दुसऱ्याने बसल्या जागेवरून 'अरे, लावा ते आधी!' म्हणून ओरडावं, यासाठी असतं.

भिवंडीत आमचं जुनं बैठं घर आहे. पुढे दहा बाय बाराचं अंगण, त्यापुढे गल्ली आणि गल्लीपलीकडे यंत्रमागांची खटखट. ती थांबली की आम्हाला झोपेतून जाग येते. कुत्र्याचं नाव टायगर. नाव मी ठेवलं. तो मांजरींना घाबरतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मांजरी दोन, सोनी आणि चिंगी. टायगरला दिवसभर अंगणात जायचं असतं आणि गेल्या क्षणी परत आत यायचं असतं. सकाळी भरलेले पैसे दुपारी काढायला येणारे खातेदार मी काउंटरवर रोज पाहतो, त्यामुळे मला त्याचा राग येत नाही. मांजरींनी मात्र उंबरठा ओलांडायचा नाही, असा आमच्या हिचा हुकूम आहे.

त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी बनी नावाची तिसरी मांजर होती. एका संध्याकाळी दार उघडं राहिलं. गल्लीत कुत्री होती, आणि मागून सुताच्या बाचक्यांचा टेंपो येत होता. पुढचं लिहीत नाही. दार कुणी उघडं टाकलं, हा विषय आमच्या घरात निघत नाही.

तर अशा घरात चिरंजीवांनी एका रविवारी जाहीर केलं, ''बाबा, आपण इलेक्ट्रॉनिक डॉग डोअर घेऊ या. टायगर जवळ आला की आपोआप उघडणार. मांजरी आल्या की बंद!''

वाचकहो, माझा या वस्तूला विरोध आहे. मी जुन्या वळणाचा आहे म्हणून नव्हे. दाराला जनावरापुरतं भोक ही कल्पनाच माझ्यापेक्षा फार जुनी आहे. इंग्लंडातल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये 1598 साली दाराला मांजरासाठी भोक पाडल्याबद्दल सुतारांना 8 पेन्स दिल्याची नोंद आहे. त्याच कॅथेड्रलच्या चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या हिशेबात उंदीर मारणाऱ्या मांजराच्या नावे आठवड्याला एक पेनी खर्ची पडत असे. (महागाई भत्त्याचा उल्लेख मला आढळला नाही.) न्यूटनने मोठ्या मांजरीसाठी मोठं आणि पिल्लांसाठी लहान अशी दोन भोकं पाडल्याची गोष्ट सांगतात. ती बहुधा दंतकथा आहे. पण मोठ्या भोकातून लहान जीव सहज जातो, हे तिच्यातलं शहाणपण शंभर नंबरी आहे. आमच्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. टायगरचे खांदे मावतील एवढ्या भोकातून सोनी आणि चिंगी हातात हात घालून जातील!

आता यंत्राकडे येऊ. जनावराच्या मानेमागे, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. तिला बॅटरी नसते. वाचणारं यंत्र अगदी जवळ आलं की त्याच्याच लहरींवर ती जागी होऊन नंबर सांगते. कुत्रं कुठे आहे हे ती सांगत नाही, फक्त कोण आहे हे सांगते. थोडक्यात, टायगरचं केवायसी. केंब्रिजच्या निक हिल नावाच्या पदार्थविज्ञानवाल्याने या चिपवर चालणारं मांजराचं दार काढलं, ते शेजारची मांजरं आत घुसू नयेत म्हणून. शेजाऱ्यांविषयीची ही भावना मला समजते. पण त्यांची अडचण 'परकं आत नको' अशी होती, आमची 'आपलं बाहेर नको' अशी आहे. आणि यातली बरीच दारं नंबर तपासतात ती आत येताना. बाहेर जाणाऱ्याला 'जा बाबा' म्हणून सोडतात.

कॉमर्सच्या भाषेत ही एकेरी नोंद झाली. जमा लिहिली, नावे लिहिलीच नाही! बाहेर जातानाही नंबर तपासणारी दारं मिळतात, नाही असं नाही. पण चिपवाली दारं बहुतेक मांजराच्या नाहीतर लहान कुत्र्याच्या मापाची असतात. टायगरएवढ्या देहाला गळपट्ट्यात किल्ली अडकवावी लागते, आणि टायगर गळपट्टा महिन्यातून दोनदा हरवतो. तोही प्रश्न सुटला समजा. दार त्याला ओळखतं, उघडतं, तो जातो, आणि झडप पुन्हा अडकेपर्यंत दोन-चार सेकंद जातात. तेवढ्यात मागे कोण बसलंय? चिंगी! यंत्राने सही बरोबर तपासली; पण एका चेकवर दोघांना पैसे दिले.

हे सगळं मी घरच्यांसमोर उभं राहून, हातवारे करून मांडलं. शेवटी आवाज चढवून म्हणालो, ''आणि मुख्य म्हणजे, घरचं कोण हे ओळखायला घरात माणसं आहेत! ज्या मातीत भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा सांगतात, तिथे कुत्र्याला दार उघडायला यंत्र?''

टाळ्या पडल्या नाहीत. ही म्हणाली, ''अहो, धावायचं राहू द्या. तुम्ही उठलात का कधी?''

मी खातेवहीवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. सुटीच्या दिवशी वहीत रेघा मारल्या. रात्रीपर्यंत दार एकतीस वेळा उघडलं. ही चार, चिरंजीव दोन, मी शून्य. उरलेल्या पंचवीस वेळा आई उठली होती. गुडघ्यावर हात ठेवून, 'आले रे बाबा' म्हणत. ती माणसं म्हणजे कोण, हे मी भाषणात सांगितलं नव्हतं, कारण मला ठाऊकच नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, ''अरे, यंत्र आण की खुशाल. मला काय हौस आहे?''

म्हणजे माझे मुद्दे बरोबर आणि निष्कर्ष चूक. बॅलन्स शीट जुळली, पण दुकान दुसऱ्याचंच!

मग फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. त्याने अंगणाला चारी बाजूंनी आणि वरूनही बारीक जाळी मारून दिली. वरून अशासाठी, की मांजर ही भिंत न मानणारी जात आहे. गल्लीच्या बाजूला पाठोपाठ दोन दारं केली. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या दोघांकडे असतात, कारण एका माणसाच्या लक्षावर तिजोरी सोपवायची नसते. हे मी रोज पाहत होतो. घरी आणायला मला एवढी वर्षं लागली. घराच्या दाराला एक साधी झडप बसवली. ती कुणाला ओळखत नाही आणि कुणाला अडवत नाही. टायगर जातो, सोनी जाते, चिंगी जाते. आई बसून राहते.

तेव्हा माझं भांडण यंत्राशी नाही. ज्यांना अंगण नाही त्यांनी जरूर घ्यावं. फक्त ते बाहेर जातानाही नंबर तपासतं का, मिटायला किती वेळ घेतं आणि बॅटरी संपल्यावर उघडं राहतं की बंद, हे आधी विचारावं. मांजर कुत्र्याच्या शेपटीमागे बसत असेल तर घेऊच नये. माझं भांडण आहे ते दार कोण उघडतं हे न पाहता दारावर भाषण करणाऱ्यांशी, आणि उघडून तसंच विसरणाऱ्यांशी.

त्या संध्याकाळी बँकेतून दमून येऊन, हातात पिशव्या म्हणून, पायाने दार लोटून मी आत गेलो होतो. ते लागलं की नाही, हे मी मागे वळून पाहिलं नाही. हिला हे माहीत आहे. तिने कधी म्हटलं नाही. आता गल्लीचं पहिलं दार लावून मी दोनदा ओढून पाहतो, मगच दुसऱ्याला हात घालतो. आत जाळीशी चिंगी बसलेली असते.