धर्मादाय संस्थांचे सहकार्य : कशासाठी?

दारिद्र्यनिर्मूलनाच्या चर्चेत अलीकडे ‘संस्थांचा समन्वय’ हा शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतो. एकाच वस्तीत एक संस्था वह्या वाटते, दुसरी औषधे देते, तिसरी शिलाईयंत्रे देते आणि तिघींचाही एकमेकींशी परिचय नसतो. त्यांनी एकत्र यावे, म्हणजे पैशाची व श्रमाची उधळपट्टी थांबेल, असे सांगितले जाते. हे म्हणणे चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. दहा ठिकाणचे दान एका छपराखाली आणले की दानाची व्यवस्था सुधारते, दारिद्र्य हटतेच असे नाही. तेव्हा संस्थांनी एकत्र येऊन नेमके काय करावयाचे, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचे एक उत्तर पुणे शहरात मिळते. तेथे कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या हजारो स्त्रिया होत्या. त्यातील बहुसंख्य दलित जातींतील. दिवसभर वेचलेला माल भंगारच्या दुकानात नेला की तेथे काटा मारला जाई; रस्त्यावर पोलीस चोरीचा संशय घेत; आणि जनगणनेपासून कामगार कायद्यापर्यंत कोणाच्याही लेखी त्या श्रमिक नव्हत्या. अशा स्त्रियांना जुने कपडे देणारे आणि त्यांच्या मुलांना खाऊ वाटणारे दाते शहरात कमी नव्हते. त्या दानाने कोणाचेही कुंडीतील वाकणे थांबले नाही.

१९९०च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी शिक्षणाचे काम सुरू केले. मूल शाळेत टिकावयाचे तर आईचा रोज वाढला पाहिजे, ही गोष्ट कार्यकर्त्यांच्या लवकरच ध्यानात आली. आईचा रोज वाढावयाचा तर तिला कुंडीतला चिखलात माखलेला कागद वेचावा न लागता घरोघरचा कोरडा माल थेट मिळाला पाहिजे. परंतु सोसायटीच्या दारात तिला उभे कोण करणार? म्हणून ओळखपत्र हवे. येथे शिक्षणसंस्थेची मर्यादा उघड झाली. कारण ओळखपत्र छापता येते, पण त्यामागे संघटनेचे बळ असावे लागते.

ते बळ दुसऱ्या संस्थेकडे होते. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला कामगार म्हणून उभे करण्याचा धडा आधीच घेतला होता. १९६९च्या माथाडी कायद्याने विखुरलेल्या, अनेक मालकांकडे राबणाऱ्या श्रमिकांनाही मंडळामार्फत वेतन व कल्याणाचे लाभ देता येतात, हे महाराष्ट्रात सिद्ध झाले होते. १९७४ साली सुरू झालेल्या ‘कष्टाची भाकर’ या उपक्रमाने स्वस्त जेवण हे भिक्षेविना, श्रमिकांच्याच व्यवस्थापनातून देता येते हे दाखविले होते. विद्यापीठाचा विभाग आणि हमालांच्या चळवळीचा हा अनुभव एकत्र आला आणि १९९३ साली शेकडो स्त्रियांच्या परिषदेतून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली.

या सहकार्यात प्रत्येकाने आपल्यापाशी जे होते ते दिले. विद्यापीठाने अभ्यास व कार्यकर्ते दिले. चळवळीने संघटनेची रीत दिली. आणि स्त्रियांनी वर्गणी, सभासदत्व व आपल्या धंद्याचे ज्ञान दिले. कोणता पुठ्ठा कोठे विकतो हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे पंचायतीच्या ओळखपत्रांना महानगरपालिकेची मान्यता मिळाली. सभासदांची पतसंस्था निघाली, म्हणून सावकाराच्या व्याजाला पर्याय उभा राहिला. पंचायतीचे स्वतःचे भंगार दुकान निघाले, म्हणून वजनातील फसवणुकीला वचक बसला. २००८ साली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तिची सभासदसंख्या पुढे तीन हजारांवर गेली.

अर्थशास्त्राच्या भाषेत येथे काय घडले? दारिद्र्य म्हणजे केवळ अल्प उत्पन्न नव्हे. आपल्या श्रमाचा भाव ठरविताना आपला शब्द न चालणे, हे त्याचे मूळ आहे. देणगीने एका दिवसाचा उपभोग वाढतो. ओळखपत्र, पतसंस्था आणि खरा काटा यांनी प्रत्येक दिवसाच्या श्रमाचा भाव वाढतो.

हे चित्र निर्दोष आहे, असे मात्र समजण्याचे कारण नाही. शहराची सफाई ही महानगरपालिकेची जबाबदारी असताना ती स्वयंरोजगाराच्या नावाखाली गरीब स्त्रियांच्या अंगावर स्वस्तात टाकली जाते, असा आक्षेप घेता येईल आणि त्यात तथ्य आहे. शिवाय कराराची मुदत संपते, तेव्हा गाड्या व भांडवल घेऊन ठेकेदार दाराशी उभा असतो. २०१३ अखेर पहिला करार संपल्यानंतर नवा करार होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. या मधल्या काळात स्त्रियांनी काम चालू ठेवले ते संघटनेच्या आधारावर. एखाद्या दात्याच्या योजनेवर त्या अवलंबून असत्या, तर योजनेबरोबरच त्यांचे कामही संपले असते.

आज अशा सहकार्याच्या आड काय येते, हेही पाहिले पाहिजे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. पैसा आला, पण त्याबरोबर ठरावीक मुदतीचे प्रकल्प आणि लाभार्थींच्या संख्येचे तक्ते आले. त्या तक्त्यांत वाटलेल्या पिशव्या मोजता येतात, संघटना मोजता येत नाही. शेजारची संस्था ही सहकारी न राहता स्पर्धक बनते. २०२० साली परकीय अंशदानाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका नोंदणीकृत संस्थेने असा निधी दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे सोपविण्यास बंदी आली. संस्थांनी परदेशी पैशावर जगावे काय, हा निराळा वाद आहे. परंतु ज्या लहान ग्रामीण संस्थेला स्वतः दिल्लीचे दार ठोठावता येत नाही, तिला मोठ्या संस्थेच्या हातून मिळणारी मदत या बंदीने थांबली. समन्वयाचा उपदेश एकीकडे आणि समन्वयाचा मार्ग बंद करणारा कायदा दुसरीकडे, अशी ही विसंगती आहे.

म्हणून समन्वय समित्यांचे स्वागत करण्यापूर्वी प्रत्येक समितीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. समितीत ज्यांच्यासाठी काम चालते त्यांना मत आहे काय? जमाखर्च वस्तीसमोर वाचला जातो काय? आणि समितीच्या कामामुळे शासनाकडे हक्काने मागण्याची वस्तीची शक्ती वाढली, की शासनाला आपली जबाबदारी झटकण्याची सोय झाली?

भुकेल्याला आज अन्न हवे, हे कोणीही नाकारणार नाही. पूर, दुष्काळ, महामारीत दान लागतेच, आणि ते एकमेकांच्या सल्ल्याने दिले जावे हेच श्रेयस्कर. परंतु पुढच्या वर्षी त्याच रांगेत तीच माणसे उभी राहिली, तर संस्थांनी आपले सहकार्य अयशस्वी झाले असे मानावे. पुण्यातील स्त्रियांनी त्या रांगेऐवजी सोसायटीच्या दारात, गळ्यात ओळखपत्र घालून उभे राहणे पसंत केले. त्यांना तेथवर पोहोचविण्यास हातभार लावणे, हेच स्थानिक संस्थांच्या एकत्र येण्याचे प्रयोजन होय.