रंगवलेल्या तबकडीचा खोटेपणा

जुनी जपानी स्वयंचलित मनगटी घड्याळे जमविण्याची हौस आपल्याकडील काही मंडळींना लागली आहे. हौसेस आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तबकडी नव्याने रंगवून घेऊन त्याच घड्याळास ‘अस्सल जुने’ म्हणून मिरविण्यास.

सिको कंपनीने १९६३ साली ‘सिको फाइव्ह’ बाजारात आणले. मनगटाच्या हालचालीने आतले वजन फिरावे व कमान आपोआप गुंडाळली जावी, अशी त्याची रचना. १९७० नंतरच्या दोन दशकांत आखातात नोकरीस गेलेल्या हैदराबादकरांनी ती येथे आणली. शेजारधर्माने आणि खरेदी-विक्रीने ती सुलतान बाजार-काचीगुड्याच्या मराठी घरांतही पोहोचली. काहींच्या चौकटीत वार इंग्रजीबरोबर अरबीतही उमटतो. ती वारांची चकती म्हणजे त्या स्थलांतराचा लेखी पुरावाच होय.

तबकडीच्या अगदी खालच्या कडेस, भिंगावाचून न दिसणाऱ्या अक्षरांत, यंत्राचा व तबकडीचा क्रमांक छापलेला असतो. मागील झाकणावरील क्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा, दुसरा महिन्याचा. आता ३ हा अंक १९७३चा की १९८३चा? आत ७००९ जातीचे यंत्र असेल तर १९८३; कारण १९७३ साली ते यंत्रच नव्हते. असा एकेक दुवा जुळवीत जाणे हाच संग्राहकाचा खरा आनंद. रंगारी पहिला ब्रश फिरवतो तो नेमका या दुव्यावर! वर केशरी किंवा मोरपंखी रंग, भलत्याच वळणाची अक्षरे, एकाचे झाकण, दुसऱ्याचे यंत्र. परदेशी संग्राहक अशा मालास ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात, आणि आपण तोच पैसे मोजून घेतो.

एच.एम.टी.चीही तीच गत. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात सुरू झालेला तो घड्याळउद्योग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मान्यता दिली. मागणी वाढली, तशा ‘कोऱ्या’ तबकड्याही वाढल्या.

कोणी म्हणेल, घड्याळ वापरावयाचे आहे, डागाळलेले का बांधावे? यंत्र स्वच्छ करावे, तेल द्यावे, काच बदलावी. त्याने पुरावा बुडत नाही. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत प्रक्षिप्त ठरलेले श्लोकही पुसले नाहीत, तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवले. पाठभेदांवर तासन्‌तास वाद घालणारे आपण वडिलांच्या घड्याळाचा मूळ पाठ मात्र बिनदिक्कत खरवडू देतो! दोष कारागिराचा नाही. पोट भरावयाचे म्हणून तो गिऱ्हाइकाला हवे ते करून देतो; चकाकी मागणारे गिऱ्हाईक आपणच आहोत.

तेव्हा घरातील जुने घड्याळ दुरुस्तीस देताना तबकडीस हात लावू नये, असे घड्याळजीस बजावून सांगावे. काढलेला प्रत्येक भाग परत मागावा. कोणी, कोठून व केव्हा आणले, हे एका चिठ्ठीवर लिहून ती डबीत ठेवावी. आणि ‘एकदम नवी कर देतूं, साब’ असे उत्तर आलेच, तर घड्याळ उचलून दुसरे दुकान गाठावे.