घरातील मौन आणि मुलांची सुरक्षितता

सायंकाळच्या जपमाळेत आपली मुले मरियेच्या उदराचा उल्लेख दररोज अनेक वेळा ऐकतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात व्यभिचाराविषयीची सहावी आज्ञा ती मुखोद्गत करतात. मात्र या शब्दांचा अर्थ त्यांनी विचारला की आपल्यापैकी अनेकांच्या घरांत विषय बदलला जातो, अथवा ‘मोठा झालास की कळेल’ असे उत्तर मिळते. मूल मात्र मोठे होईपर्यंत थांबत नाही. ते आपल्या शंकेचे उत्तर मित्रांकडून किंवा मोबाईलच्या पडद्यावरून मिळविते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी रेल्वेमार्ग रोखून धरला. पुढील महिन्यात, २३ सप्टेंबर रोजी, बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती बाळगण्यासंबंधीच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज प्रतिपादन केली. संताप रास्तच होता. परंतु संताप ओसरल्यावर आपल्या घरात काय बदलले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी संवाद साधण्यात आला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलींइतकेच मुलगेही होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्ती मुलांच्या ओळखीच्या वा विश्वासातील होत्या आणि बहुतेक बालकांनी याविषयी कोणाजवळही वाच्यता केली नव्हती. ज्या घरात शरीराविषयी बोलणेच निषिद्ध असते, तेथे घायाळ मुलाला आपली व्यथा मांडायला शब्द कोठून सापडणार?

त्याच २००७ साली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून महाराष्ट्रात वादळ उठले व राज्य सरकारने तो थांबविला. ‘हे शिक्षण शाळेने नव्हे, घराने द्यावे’ असे तेव्हा अनेकांनी म्हटले. ख्रिस्तसभेची शिकवणही आईवडिलांनाच प्रथम शिक्षक मानते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली मुलांना त्यांच्या वयानुरूप विधायक व विवेकपूर्ण लैंगिक शिक्षण मिळावे असे सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘फमिलियारिस कोन्सोर्तियो’ या पत्रात हे शिक्षण म्हणजे आईवडिलांचा मूलभूत हक्क व कर्तव्य असल्याचे नमूद केले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या बोधपत्रात या विषयासाठी स्वतंत्र परिच्छेद दिले. आपण हक्क तेवढा सांगितला, कर्तव्य मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवले, हे आम्हांला खेदाने म्हणावे लागते.

हे कर्तव्य अवघड आहे, पण अशक्य नाही. एका बैठकीत सारे सांगून मोकळे व्हावे, असा हा विषय नव्हे. तीन-चार वर्षांच्या मुलाला शरीराच्या अवयवांची खरी नावे सांगावीत आणि कोणीही त्याला नकोसा स्पर्श केला, तर ती व्यक्ती नात्यातली असली तरी, ‘नको’ म्हणण्याचा व घरी येऊन सांगण्याचा त्याला अधिकार आहे हे पटवून द्यावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पाळीविषयी आधीच माहिती द्यावी, म्हणजे पहिल्या दिवशी ती भयभीत होणार नाही. मुलालाही त्याच्या शरीरातील बदलांविषयी वडिलांनी सांगावे. हा भार केवळ आईवर टाकू नये. किशोरवयात मैत्री, आकर्षण, नकार पचविणे आणि मोबाईलवरील अश्लील चित्रांचा खोटेपणा यांविषयी बोलावे. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही, हेही मुलामुलींना ठाऊक असले पाहिजे.

केवळ भीती घालून हे साधणार नाही. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, अशी संत पौलाची शिकवण आहे. मंदिराची लाज बाळगायची नसते, त्याचा आदर करायचा असतो. लैंगिकता ही परमेश्वराची देणगी असून विवाहातील निष्ठा व आत्मदान यांत तिला पूर्णत्व येते, हे मुलांना प्रथम आईवडिलांच्या परस्पर वागण्यातून कळते. पित्याने मातेचा अपमान केलेला पाहणाऱ्या मुलाला शुद्धतेवरील प्रवचन पुरेसे पडत नाही.

ख्रिस्तसभेच्या छायेतही बालकांवर अत्याचार झाले आणि ते झाकले गेले, हे जगभर उघड झालेले सत्य आम्ही टाळू इच्छित नाही. म्हणूनच मुलाने कोणाविषयीही तक्रार केली, मग ती व्यक्ती शिक्षक असो, नातलग असो वा धर्मगुरू असो, आईवडिलांनी प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा. घराण्याच्या किंवा धर्मग्रामाच्या अब्रूसाठी त्याला गप्प करू नये. अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे ‘पॉक्सो’ कायद्याने बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा बालकांचा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

विवाहपूर्व मार्गदर्शन आपल्या धर्मग्रामांत दिले जाते. परंतु पंचविशीत सांगितलेले पुष्कळ काही बाराव्या वर्षी हवे असते. दृढीकरणाच्या तयारीबरोबर आईवडिलांसाठीही एखादे सत्र ठेवावे, डॉक्टर व समुपदेशकांना बोलवावे. सुरुवात मात्र घरातूनच व्हायला हवी. आज जपमाळ संपल्यावर मुलाने एखादा अवघड प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. त्याला जवळ बसवून घ्या. उत्तर ठाऊक नसेल, तर ‘आपण दोघे मिळून शोधू’ असे सांगा. पुढे कधी संकट ओढवले, तर ते मूल प्रथम तुमच्याकडेच धाव घेईल.